कोकोच्या गावात शाळा आली, पुढे काय?

घाटमाथा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

चॉकलेटच्या धाग्यावर गेल्या आठवड्यात एक प्रतिसाद आला होता: 'गावोगावी शाळा काढा, पोरं कोकोच्या मळ्यातून आपोआप बाहेर येतील.' त्याला उत्तर लिहायला बसलो आणि ते इतकं वाढलं की वेगळा धागाच काढतोय. मी घानात, कुमासीला असतो. शेतीऔषधं आणि फवारणी पंप विकणाऱ्या एका कंपनीचे हिशेब बघतो. उधारीच्या मागे अशांती आणि वेस्टर्न नॉर्थ भागातल्या कोकोच्या गावांत जावं लागतं. शिक्षणातला तज्ज्ञ नव्हे. जे दिसतं आणि जे वाचलंय ते मांडतो.

जगातला निम्म्याहून जास्त कोको आयव्हरी कोस्ट आणि घाना हे दोन शेजारी पिकवतात. आपल्याला 'मळा' म्हटलं की आसामातल्या चहाचे मळे आठवतात. इथे तसं नाही. बहुतेक कोको दोन-चार हेक्टरच्या घरगुती बागांतून येतो, त्यामुळे राबणारं पोर बहुधा घरचंच असतं. २००१ साली अमेरिकेत हार्किन-एंगेल करार झाला. कोकोतली बालमजुरीची सर्वांत वाईट रूपं २००५ पर्यंत संपवू, असं चॉकलेट कंपन्यांनी कबूल केलं. २००५ चं २००८ झालं, २००८ चं २०१०. मग नवा आराखडा आला: २०२० पर्यंत ७० टक्के कपात. २०२० च्या ऑक्टोबरात शिकागो विद्यापीठाच्या 'नॉर्क' संस्थेचा अहवाल आला तेव्हा दोन्ही देशांच्या कोकोपट्ट्यात १५ लाख ६० हजार मुलं बालमजुरीत होती. बातम्यांनी हा आकडा उचलला.

त्याच अहवालातला दुसरा भाग मात्र कुणी वाचलेला दिसत नाही. २००८-०९ ते २०१८-१९ या दहा वर्षांत शेतकरी घरांतल्या मुलांची शाळेतली हजेरी आयव्हरी कोस्टमध्ये ५८ टक्क्यांवरून ८० वर गेली, घानात ८९ वरून ९६ वर. आणि याच दहा वर्षांत अशा घरांतल्या बालमजुरीचं प्रमाण ३१ टक्क्यांवरून ४५ वर गेलं. कोकोचं उत्पादनही भरपूर वाढलं. म्हणजे शाळा भरल्या आणि मजुरीही वाढली. पोरगं सकाळी शाळेत असतं आणि दुपारनंतर, शनिवारी, सुट्टीत बागेत. 'शाळेत घातलं की सुटला' हे गणित इथेच चुकतं.

बागेत करायचं काय? लांब काठीच्या आकड्याने शेंगा पाडायच्या, डोक्यावरच्या घमेल्यातून एका जागी आणायच्या, कटलासने (इथला कोयता) फोडायच्या, गर काढायचा, केळीच्या पानांत झाकून सहाएक दिवस आंबवायचा, मग चटयांवर वाळवायचा. शिवाय फवारणीसाठी पाणी वाहून आणायचं. मोठा हंगाम ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होतो. शाळेचं वर्ष सुरू होतं साधारण सप्टेंबरात. म्हणजे वह्या, गणवेश, बूट आणि या-त्या नावाने घेतली जाणारी वर्गणी हे सगळं नेमकं घरात दमडी नसताना उभं राहतं. आमची उधारीही तेव्हाच सर्वांत जास्त थकलेली असते, हे मी वहीवरून सांगू शकतो.

माझा मूळ मुद्दा पुढच्या टप्प्याचा आहे. घानात सक्तीचं शिक्षण साधारण पंधराव्या वर्षी संपतं. नववीच्या शेवटी बीईसीई नावाची परीक्षा असते. २०१७ पासून वरच्या तीन वर्षांचं सरकारी शिक्षण फुकट झालं, ही मोठीच गोष्ट आहे. तरी निवासी शाळेत जायचं तर ट्रंक, गादी, खाऊची लाकडी पेटी अशी हातभर यादी पालकांच्या हातात पडते. परीक्षेत गुण कमी पडले, किंवा यादीच झेपली नाही, की मूल घरी. वय पंधरा-सोळा. आता कायदा काय म्हणतो? अठरा वर्षांखालच्याने धोक्याचं काम करायचं नाही: कोयत्याने शेंगा फोडणं नाही, जड ओझं नाही, औषधाजवळ जाणं नाही. म्हणजे शाळा सुटली आणि कायद्याने बापाच्या बागेतलं अर्धं कामही बंद. या दोन-तीन वर्षांत त्या पोराने करायचं काय, याचं उत्तर कुणी नीट दिलेलं नाही. व्यवसाय शिक्षण इथे हवं आहे. कार्यक्रम मात्र सगळे पहिलीच्या पाटीपूजनाला हजर.

एक अपवाद आवर्जून सांगतो. वर्ल्ड कोको फाउंडेशनने २००७ मध्ये अमेरिकी सरकारच्या मदतीने 'एकोज' नावाचा कार्यक्रम दोन्ही देशांत सुरू केला होता. त्यात शाळेच्या अभ्यासात शेती होती, तरुणांचं साक्षरता शिक्षण होतं. मला सर्वांत आवडली ती त्यातली शिष्यवृत्तीची पद्धत. पैसे मुलाला किंवा शाळेला न देता आईला धंद्याचं भांडवल म्हणून द्यायचे: सुकी मासळी विका, कसाव्याचं पीठ विका, आणि नफ्यातून फी भरा. प्रकल्प संपला तरी टोपली आईच्या डोक्यावर राहतेच.

---

टोचणी

लेख चांगला आहे, पण माफ करा, हे सगळं चॉकलेट कंपन्यांच्या वार्षिक अहवालातल्या रंगीत फोटोंसाठी चालतं. शेतकऱ्याला कोकोचा भाव द्या. भाव मिळाला की तो मजूर लावेल, पोराला शाळेत पाठवेल, त्याला कुणाच्या शिष्यवृत्तीची गरज उरणार नाही. शिवणकाम-सुतारकामाचे वर्ग म्हणजे भावाचा विषय निघू नये म्हणून केलेली सोय.

---

घाटमाथा

@टोचणी, भावाबद्दल निम्मा सहमत. २०१९ मध्ये दोन्ही देशांनी मिळून टनामागे ४०० डॉलरचा जादा आकार जाहीर केला, तो याच कारणाने. पण भाव मिळतो कुणाला हेही बघा. घानात बाग पुष्कळदा एकाची आणि कष्ट दुसऱ्याचे. 'अबुसा' पद्धतीत राबणाऱ्याला पिकाचा तिसरा हिस्सा, 'अबुनू'त निम्मा. भाव वाढला तरी तिसऱ्या हिश्श्यात रोजंदारीचा गडी लावणं परवडत नाही. शिवाय भाव चढला की लोक बाग वाढवतात, काम वाढतं, आणि सर्वांत स्वस्त हात घरातलेच. २०२४ च्या डिसेंबरात न्यूयॉर्कच्या बाजारात कोको टनाला १२,००० डॉलरच्या वर गेला होता. तेव्हा इथल्या कितीतरी बागांत विकायला मालच नव्हता, कारण फांद्या सुजवणाऱ्या विषाणूने झाडं गेली होती. तोडून नवी लावली तर तीनेक वर्षं हातात काही नाही.

---

मृदुला_गुरुजी

वाचनखूण साठवली आहे! मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. मला हजेरीच्या टक्क्यांवर कधीच भरवसा वाटत नाही. ८० टक्के मुलं वर्गात आहेत, ठीक. त्यांना वाचता येतं का? पाचवीतल्या पोराला साधा परिच्छेद वाचता येत नसेल तर बाप म्हणणारच, 'त्यापेक्षा बागेत चल.' बापाचं काय चुकलं?

---

अबिजानहून

या प्रश्नावर लिहायलाच हवं, कारण उत्तरात आपली मुंबई येते. मी आयव्हरी कोस्टमध्ये काजूच्या व्यापारात आहे. (हो, कोकोच्या देशात काजू. इथला कच्चा काजू फोडायला भारतात आणि व्हिएतनामला जातो.)

इथे शिकवण्याची भाषा फ्रेंच. घरात बाउले, बेते किंवा द्यूला. कोकोपट्ट्यात बुर्किना फासो आणि मालीहून आलेली कुटुंबंही खूप, त्यांच्या घरच्या भाषा आणखी निराळ्या. पहिलीतल्या पोराला बाई काय बोलतात तेच कळत नाही आणि तसंच ते वर्षामागून वर्षं वर सरकतं.

जेकब्ज फाउंडेशन या स्विस संस्थेने कोकोपट्ट्यातल्या शिक्षणासाठी 'ट्रेक' नावाचा कार्यक्रम केला, सरकार आणि कोको कंपन्यांना एकत्र घेऊन. त्यात जी पद्धत आणली ती 'प्रथम'ची. तीच संस्था, जी १९९५ मध्ये मुंबईच्या झोपडपट्ट्यांतल्या बालवाड्यांपासून सुरू झाली. इयत्ता बाजूला ठेवायची, प्रत्येक मुलाला समोर बसवून बघायचं की अक्षर येतं, शब्द येतो, परिच्छेद येतो की गोष्ट येते. मग रोज ठरावीक वेळ मुलं त्या पातळीप्रमाणे बसतात, इयत्तेप्रमाणे नाही. इथे शिक्षण मंत्रालयाने तिला फ्रेंच नाव दिलंय, लोक 'पेक' म्हणतात. वर्गात भाषेचे आणि गणिताचे खेळ चालू असतात, मास्तर खुर्चीत नसतो. मी पाहिलेल्या शाळेत खाकीतली मुलं आणि निळ्या-पांढऱ्या चौकडीच्या झग्यातल्या मुली जमिनीवर गोल करून बसल्या होत्या आणि काड्यांचे गठ्ठे मोजत होत्या. क्षणभर मला वाटलं मी पालघरला आहे.

---

टोचणी

जेकब्ज म्हणजे तेच ना, ज्यांच्या होल्डिंग कंपनीकडे बॅरी कॅलेबो या कोको-चॉकलेटच्या बड्या कंपनीचे मोठे भाग आहेत? म्हणजे पैसा मुळात चॉकलेटचाच. घ्या.

---

अबिजानहून

तेच. आणि ते लपवतही नाहीत. त्या पैशाने पोराला वाचता आलं तर मी तक्रार करणार नाही, तुम्ही करा.

आता घाटमाथांच्या 'पुढे काय' बद्दल इकडचं चित्र. इथे २०१५ पासून सहा ते सोळा शिक्षण सक्तीचं आहे. पण प्राथमिक शाळा गावात आणि कॉलेज (इथे सहावीनंतरच्या चार वर्षांना कॉलेज म्हणतात) तालुक्याच्या गावी, सुब्रे किंवा दालोआसारख्या ठिकाणी. कागदाचा अडथळा त्याच्याही आधी येतो. जन्मदाखला नसेल तर प्राथमिकच्या शेवटच्या परीक्षेला बसता येत नाही. जन्म शेतातल्या वस्तीवर झालेला, नोंद कुणी केलेली नसते, मग कोर्टातून उशिराची नोंद करून आणायची. खेटे आणि खर्च. सहा वर्षं शिकलेलं हुशार पोर निव्वळ एका कागदावाचून बागेत परत जातं. बालमजुरीवर नजर ठेवणाऱ्या ज्या यंत्रणा कंपन्यांनी उभ्या केल्या (नेस्लेने इथे २०१२ मध्ये सुरुवात केली), त्यांचं काही काम मला खरोखर पटलं असेल तर हे दाखले काढून देण्याचं.

दाखला मिळाला, पास झालं, तरी राहायचं कुठे? वसतिगृहं फारशी नाहीत. मग शहरात 'ट्युतर' शोधायचा, म्हणजे कुणी नातलग किंवा ओळखीचा, ज्याच्या घरी पोर राहील. बदल्यात धुणीभांडी, पाणी, दुकानावर बसणं. आपल्याकडे पूर्वी गरीब विद्यार्थी वार लावून जेवत, त्यातला प्रकार. फरक हा की इथे जेवणाची हमी नाही आणि मुलगी असेल तर आईबापांची झोप उडते. कारणं लिहायला नकोत. त्यामुळे मुलींची शाळा इथे तुटते. सरकारने गावांजवळ छोटी कॉलेजं काढायला घेतलीत, जिथे एकच शिक्षक दोन विषय शिकवतो. कल्पना चांगली आहे, पण पुरेशी नाहीत.

---

बीडकर_मास्तर

दोन गोष्टी विचारतो. आमच्याकडे ऊसतोडीला आईबाप जातात आणि लेकरं सोबत जातात. साखरशाळा काढल्या, हंगामी वसतिगृहं काढली, कागदावर खूप काही झालं. मोठा धडा हा की हंगाम ओळखून शाळेने हलायला पाहिजे. १) तिकडे सुट्ट्यांचं वेळापत्रक कोकोच्या हंगामाप्रमाणे का नाही? २) पोरांच्या जागी काम करणार कोण? हा प्रश्न सोडवल्याशिवाय बाकी सगळं भजन आहे.

---

घाटमाथा

@बीडकर_मास्तर, पहिल्याचं उत्तर: सुट्टी हंगामात दिली तर पोरं जास्त राबतील अशी भीती असते आणि ती खोटी नाही. २०१८ मध्ये घानात फुकट शिक्षणामुळे गर्दी इतकी झाली की वरच्या शाळांत मुलांच्या दोन तुकड्या पाडून आळीपाळीने घरी पाठवायला लागले. घरी आलेली तुकडी काय करायची? बागेत जायची. सुट्टीत काम करून स्वतःची फी जमवणारी मुलं मला भेटतात आणि त्यांना ते अपमानाचं वाटत नाही. कायद्याच्या भाषेत ते बालमजूर. हा पेच मी सोडवू शकत नाही.

दुसऱ्याचं उत्तर जास्त आशेचं आहे, आणि व्यवसाय प्रशिक्षण खरं तिथेच कामाला येतं असं माझं मत. अठरा पूर्ण झालेल्या तरुणांच्या टोळ्या बांधायच्या. छाटणी, फवारणी, शेंगा फोडणं शिकवायचं, मास्क-बूट-हातमोजे द्यायचे, आणि गावात वाजवी दराने ही कामं त्यांनी करायची. शेतकऱ्याला गडी मिळतो, पोराच्या हातातला कोयता सुटतो, तरुणाला वर्षभर काम. आंतरराष्ट्रीय कोको इनिशिएटिव्हने (जिनिव्हाची संस्था, २००२ ची) असे गट उभे केलेत. आमचे पंप हे गट घेतात म्हणून मला जवळून माहीत आहे. गट टिकतो कधी? पहिल्या वर्षी दर कमी ठेवायला अनुदान असतं. अनुदान संपल्यावर शेतकरी म्हणतो, 'छाटणी मीच करीन.' ज्या गटाने छाटणीनंतर पीक वाढलेलं दाखवलं, तोच पुढच्या वर्षी बोलावला जातो.

---

रंदा

आयटीआयमध्ये निदेशक होतो, आता निवृत्त. या विषयावर बाहेरच्या मंडळींचं एक ठरलेलं असतं: इमारत बांधा, दहा शिलाई मशीन आणा, फीत कापा. दोन वर्षांनी मशीनला तेल घालायला माणूस नसतो. घानात स्वतःची उमेदवारीची पद्धत नाही का? वाचलं होतं की कुमासीत सुआमे मॅगझीन नावाचा गाड्या दुरुस्तीचा अवाढव्य भाग आहे आणि तिथे सगळे उस्तादाच्या हाताखाली शिकलेले.

---

घाटमाथा

@रंदा, नेमकं बोललात. सुआमेत एकदा येऊन बघा, निम्म्या पश्चिम आफ्रिकेच्या गाड्या तिथे उघडून ठेवलेल्या असतात. शिंपी, केशकर्तन, वेल्डिंग, फिटर, सगळं उस्तादाकडे दोन-तीन वर्षं राहून शिकायचं. सुरुवातीला उस्तादाला शुल्क आणि रिवाजाप्रमाणे दारूची बाटली द्यायची. शिकून बाहेर पडताना पुन्हा शुल्क आणि समारंभ. शिंपणीकडे जाणाऱ्या मुलीला मशीन स्वतःचं आणावं लागतं. कोकोच्या गावातला बाप अडतो तो इथे. शाळा फुकट झाली, उस्ताद फुकट झालेला नाही.

म्हणून मला वाटतं नवं केंद्र बांधण्यापेक्षा तालुक्याच्या गावातल्या चांगल्या उस्तादाला पैसे द्यावेत, पोराच्या हाती हत्यारांची पेटी द्यावी, आणि शेवटी घानाची सरकारी व्यवसाय परीक्षा देववून प्रमाणपत्र मिळवून द्यावं.

---

रंदा

पटलं. आमचे डॉ. कलबाग पाबळच्या विज्ञान आश्रमात १९८३ पासून हेच सांगत होते: गावाला लागणारं काम गावात करत शिका. फक्त एक काळजी घ्या. उस्ताद दोन वर्षं पोराला चहा आणायला आणि झाडू मारायला लावतात. पहिल्या सहा महिन्यांत काय यायला हवं याची यादी भिंतीवर लावा आणि मधून कुणीतरी तपासायला जा. पैसे एकरकमी देऊ नका. निम्मे शिकून झाल्यावर.

आणि एक शंका. सगळे शिंपी आणि न्हावी झाले तर गावात गिऱ्हाईक कुठून आणणार?

---

घाटमाथा

येतच नाही! एका गावात मी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना केशकर्तनाच्या टपऱ्या मोजल्या होत्या, डोकी त्यामानाने कमी. प्रकल्पांना हे दोन धंदे आवडतात कारण मशीन आणि आरसा फोटोत छान दिसतात. गावाला कमतरता आहे ती पंप दुरुस्त करणाऱ्याची, मोटारसायकल मेकॅनिकची, मोबाईल आणि सोलर दुरुस्तीची. दुसरा रस्ता कोकोच्याच टाकाऊतून जातो: शेंगांच्या टरफलांची राख करून त्यातल्या क्षारापासून काळा साबण. ही बायकांची जुनी विद्या आहे आणि शहरात त्याला बरी मागणी आहे. टरफलं बागेत कुजून रोग पसरवतात, तेही वाचतं.

---

बागायतदार_दापोली

धागा आवडला. अवांतर: आमच्याकडे नारळ-सुपारीत आंतरपीक म्हणून कोको लावावा का? केरळ-आंध्रात लावतात म्हणे.

---

टोचणी

@बागायतदार, लावा, पण शेंगा कोण फोडणार ते आधी ठरवा :)

गंमत सोडा. भावाबद्दल मी मागे हटलेलो नाही. पण आईला भांडवल देण्याचा मुद्दा आवडला. आपल्या बचत गटांसारखं काही तिकडे आहे का?

---

अबिजानहून

आहे. वीस-पंचवीस बायका, तीन कुलपांची पेटी, तीन किल्ल्या तिघींकडे. आठवड्याला बचत, त्यातूनच आपसांत कर्ज, आणि वर्षाअखेर सगळं वाटून पेटी रिकामी. बँकेशी संबंध नाही, हा आपल्या गटांशी फरक. हुशार गट वाटपाची तारीख सप्टेंबरच्या तोंडावर ठेवतात, म्हणजे पैसा शाळेच्या खर्चाला हातात येतो. घाटमाथांनी लिहिलेल्या कोरड्या महिन्याचं याहून साधं उत्तर मी पाहिलेलं नाही.

नेस्लेने २०२२ पासून रोख पैसे द्यायलाही सुरुवात केली आहे: घरातली सहा ते सोळा वयाची मुलं शाळेत असली, बागेत छाटणी केली, सावलीची झाडं लावली, दुसरं काही उत्पन्न काढलं, तर कुटुंबाला सुरुवातीची दोन वर्षं वर्षाला ५०० स्विस फ्रँकपर्यंत. मोबाईलवर येतात आणि निम्मे बायकोच्या नावावर. बायकोच्या नावावरचे पैसे घरातच खर्च होतात, हे सांगायला अर्थशास्त्रज्ञ लागत नाही.

---

मृदुला_गुरुजी

सोळापर्यंत! म्हणजे घाटमाथांचं सोळा ते अठराचं पोर यातही बाहेरच राहिलं.

---

घाटमाथा

@मृदुला_गुरुजी, हो, बाहेरच. आयव्हरी कोस्टची सक्ती सोळाला संपते, योजना तिथेच थांबते, आणि घानात त्याच्याही एक वर्ष आधी. इथल्या एका सहकारी संस्थेच्या सचिवाशी या आठवड्यात बोललो. बोनसच्या पैशातून चार-पाच मुलांचं उस्तादाचं शुल्क भरायला ते तयार आहेत. अट अशी की निम्मी मुलं पंप आणि मोटारसायकल दुरुस्ती शिकतील. पंपांचे सुटे भाग आमच्या कंपनीकडून सवलतीत मिळतील का ते मी बघतोय.

@रंदा, ती भिंतीवरची सहा महिन्यांची यादी फवारणी पंप आणि छोट्या पेट्रोल इंजिनासाठी लिहून द्याल का? इंग्रजीत करून मी ती उस्तादाला दाखवतो. तो काय खोडतो ते इथेच कळवतो.

---

रंदा

देतो. पंप दोन प्रकारचे असतील, हाताचे आणि इंजिनाचे. कुठले जास्त विकता ते मॉडेलसकट आधी सांगा, आणि नादुरुस्त होऊन परत येतात ते मुख्यतः कशामुळे तेही. वॉशर, नोझल की कार्ब्युरेटर? यादी त्यावरूनच करायला हवी.